ढोलाबद्दल गोलीचं म्हणणं

मला विचाराल तर मी विरुद्ध होतो.
बावीस वर्षं उभा आहे या दोन बांबूंमध्ये,
भात कापून झाल्यावर, मोचेमाडच्या मळ्यात,
पायांखाली धसकटं, पाठीमागे सुरूचं बन.
गोली डोळ्यांनी कमी
आणि कानांनी जास्त खेळतो.

बंधाऱ्यावर बसलेली माणसं श्वास घेतात ना,
चेंडू आत शिरला की एक, लांबलचक,
आपल्या बॅकचा पाय घसरला की दुसरा, आखूड;
त्यावरून मी उडी ठरवायचो.
द्रौपदाकाकी ओरडायची, "गुणो, डाव्या बाजून इलो रे!"
तिला ऑफसाइड कळत नव्हतं,
डावं मात्र कळायचं.

मग सगुणने ढोल आणला.
शिमग्याचाच, होळी सरली म्हणून रिकामा
(देवाचा ढोल मॅचला कसा, यावर दोन बैठका झाल्या;
गावकर म्हणाले, चेंडूही गोलच, न्या)
आणि पहिल्याच शनिवारी
तीनशे माणसं उठून उभी राहिली.
खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला.
ज्यांना दम लागायचा तीही पोरं धावली.
झिरो-दोनवरून तीन-दोन जिंकलो
आणि मला उचलून कपड्यांसकट खाडीत टाकलं.

पण ढोल मॅच बघत नाही.
सगुण मान खाली घालून वाजवतो, डोळे मिटलेले.
फाउल झाला तरी तेच, कॉर्नर गेला तरी तेच,
बाबलीचा गुडघा निखळला, त्याला चादरीतून नेला,
तेव्हाही तेच.
लोक हळूहळू चेंडू सोडून टिपरीकडे बघायला लागले.
काकीचं तोंड नुसतं उघडायचं मिटायचं,
बरणीतल्या माशासारखं.

फायनलला समोर टांकवाले, खाडीपलीकडचे.
त्यांचा अकरा नंबर रुजाय,
अर्धं लहानपण आमच्याच गावात, आजोळी,
सगुणच्या कुंपणाला लागून.
शिमग्यात ताशा धरायचा आमचाच.
सत्तर मिनिटं झिरो-झिरो.
सगुणने चाल दुप्पट केली,
मळा थरथरतोय, माझे बॅक ठेक्यावर डुलतायत,
आणि रुजाय चेंडू पायाशी घेऊन थांबलेला.
थांबलेला म्हणजे, मोजत होता.
त्याला ठाऊक होतं तोड कुठे पडते,
कुठे आमचा अख्खा गाव
अर्धा क्षण डोळे मिटतो.
शेवटच्या टोल्यावर त्याने मारला.
गोलाला जाळं म्हणजे जुनी रापण बांधलेली;
तिच्यात चेंडू मासळीसारखा पडून राहिला.
ढोल वाजतच होता.
सगुणला वाटलं, गोल आमचा.

रात्री हॉटेलात भांडण.
"ढोल नाय तर मॅच कसली? भजनाक बसल्यासारखी?"
"भजनाकय मृदंग लागता."
मी म्हटलं, माका आयकाक येणा नाय.
कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं,
रुजायक बरा आयकाक इला.
यावर मी चहा प्यायलो.

यंदा ढोल देवळात.
यंदा सगळं ऐकू येतं:
बुटाखाली मोडणारं धसकट, रेफरीचा खोकला,
खाडीत कुणाचं तरी इंजिन सुरू होईना ते,
बंधाऱ्यावर मोबाइलवर चाललेला बांगड्याचा भाव.
माणसं शंभरही नाहीत.
श्वास आहेत, पण विरळ,
त्यांवरून उडी ठरत नाही.
काकी लेकीकडे कुडाळला.
सगुण येतो, बसतो,
हात मांड्यांखाली दाबून.

दुसऱ्या हाफात चेंडू लांब, त्यांच्या गोलाशी.
मी बांबूला टेकलो होतो.
आमचा बॅक वळून म्हणाला,
"गुणो, जरा मोठ्यान वाजय."
बघतो तर माझी बोटं बांबूवर,
तीच चाल, चांगली रंगात आलेली.

तोडीच्या जरा अलीकडे मी ती थांबवली.
आधी बघून घेतलं,
अकरा नंबर कुठे आहे.